आधी खाली, मग वर

बुधवार पेठेतल्या आमच्या घराची मागची भिंत एका यंत्रमागाच्या कारखान्याला चिकटून होती, त्यामुळे आमचं सगळं लहानपण खडखडाटात गेलं. माग सुरू झाले की फळीवरची जर्मनची भांडी बारीक थरथरायला लागत. आम्ही एकमेकांशी इतक्या मोठ्यानं बोलायचो की मोहोळची मावशी राहायला आली की पहिल्या दिवशी तिला वाटायचं, या घरात भांडण पेटलंय. मागांना सुट्टी असली की घर एकदम परकं व्हायचं. त्या शांततेत आईच्या कात्रीचा आवाज ऐकू यायचा. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पान कापलं, चिमूटभर तंबाखू पसरली, बोटांत एक गिरकी दिली, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला, झाली विडी. तोंडानं बुद्धवंदना चालायची आणि बोटं आपली आपली चालायची. तंबाखूचा तो उग्र वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, अगदी भाकरीलासुद्धा लागलेला असे. आज कुठे तो वास आला तर मला पहिल्यांदा भूक लागते.

अंगणात लिंबाच्या झाडाखाली आप्पांचं राज्य होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते शटरची कामं करायचे. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांचे मामा फिटर होते. त्यांच्या हाताखाली आप्पा लोखंड शिकले आणि सोलापुरात येऊन शटरकडे वळले. झाडाखाली शटरच्या जुन्या पट्ट्यांची चळत, वाकलेली हँडलं, गंजलेली कुलपं आणि तुटक्या स्प्रिंगा पडलेल्या असत. आम्ही भावंडं त्या स्प्रिंगा कानाला लावून छेडायचो. कारखान्याच्या आवाजातही त्यांचा 'टण्ण' वेगळा ऐकू यायचा. आधी आप्पांची कामं दुकानांची असत. मग जुळे सोलापूरच्या बाजूला बंगले उभे राहायला लागले. बंगला म्हटला की गॅरेज, आणि गॅरेज म्हटलं की शटर. आप्पांना दुकानापेक्षा गॅरेजची कामं अवघड वाटत. ते म्हणायचे, "दुकानाचं शटर सकाळ-संध्याकाळ हलतं. जरा कुरकुरलं की मालकाला कळतं. घरचं शटर म्हंजी घरातला म्हातारा माणूस. कुणी इचारत न्हाय, आन एकदम आजारी पडला की समदे पळत्यात."

आजार ओळखण्यात आप्पांचा हात धरणारं कुणी मी अजून पाहिलं नाही. दारात येऊन कुणी नुसतं "शटर बिघडलंय" म्हणालं की आप्पा त्याला बसायला पाट सरकवायचे आणि विचारायला सुरुवात करायचे. जड झालंय, का वाकडं चालतंय? उघडताना ओरडतंय, का लावताना? सगळीकडं सारखं ओरडतं, का एका ठरावीक जागी? सगळीकडे सारखं ओरडत असलं तर ते नुसतं कोरडं पडलेलं असायचं. एकाच जागी ओरडलं तर तिथं एखादी पट्टी नाहीतर चॅनेल, म्हणजे ज्या लोखंडी खोबणीतून पट्ट्या सरकतात ती, वाकलेली असायची. वाकडं चालत असलं तर एका बाजूची स्प्रिंग थकलेली. गाड्यांचा धक्का लागलेला असला तर गिऱ्हाईक ते कधी कबूल करत नसे; आप्पाही विचारत नसत, नुसतं "गाडी बरी हाय न्हवं?" म्हणायचे. आणि जागेवर गेल्यावर पहिली परीक्षा ठरलेली. शटर कमरेपर्यंत आणायचं आणि हात सोडायचा. तिथंच थांबलं तर ते निरोगी. खाली बसलं तर स्प्रिंगचा ताण कमी. वर पळालं तर ताण जास्त. "चांगलं शटर कमरेला थांबतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या नातीलाही ते पाठ झालंय. ग्रीसवर त्यांचा फार राग. लोक हौसेनं चॅनेलात बोटबोटभर ग्रीस चोपडायचे. आप्पा ते चिंधीनं पुसून काढत, रॉकेलनं धूत आणि पातळ तेलाचा नुसता हात फिरवत. "सोलापूरची धूळ हाय ही. ग्रीस लावलं की कणकीगत मळली जाती तितं."

मग एका कामावर त्यांचा हात मोडला. ते कसं झालं ते सांगायला शटरच्या पोटात काय असतं ते सांगितलं पाहिजे. वरच्या पत्र्याच्या बॉक्समध्ये एक आडवा शाफ्ट असतो, त्याच्यावर जाड स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटरचा सगळा भार त्या तोलतात, म्हणून एवढं लोखंड बाईमाणसाला एका हातानं उचलता येतं. त्यांना ताण द्यायचा तर शाफ्टचे बोल्ट ढिले करून मोठ्या पाइप पान्यानं शाफ्ट फिरवायचा आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. बोल्ट ढिले असतात तेवढा वेळ सगळा ताण पाना धरणाऱ्याच्या हातात असतो. आप्पांचा पाना निसटला. बैलानं लाथ मारावी तसा तो उलटा फिरला आणि त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. मुठीत जोर राहिला नाही.

खरं दुखणं हातात नव्हतं हे आम्हाला हळूहळू कळलं. प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी आप्पा पिशवी घेऊन कामाला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. काही विसरलंय का, म्हणून आईनं विचारलं. ते उंबऱ्यावर बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मला भ्या वाटतंय." आमच्या गल्लीत पुरुषमाणसानं असं म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फारसं ऐकलेलं नाही. आईनं कात्री थांबवली नाही. "वाटू द्या की," ती म्हणाली. "एवढं मोठं लोखंड अंगावर आलंय, भ्या वाटणार न्हाय तर काय गंमत वाटणार?" त्या दिवसापासून कुणी आलं की आप्पा त्यांना दुसऱ्या मिस्त्रीचा पत्ता सांगायला लागले. आईच्या मांडीवरचं सूप मात्र पहाटेपासून दिवे लागेपर्यंत हलेनासं झालं, आणि आमच्या जेवणात भाकरीबरोबर शेंगांची चटणी, नाहीतर हुलग्याचं माडगं, एवढंच फिरून फिरून यायला लागलं.

माझं नाव संघमित्रा, पण मला सगळे मित्राच म्हणतात. तेव्हा माझी दहावी होऊन वर्ष झालं होतं. एका दुपारी महादेवी अक्का आमच्याकडे आल्या. जुळे सोलापूरला त्यांचा छोटा बंगला होता, शटर आप्पांनीच बसवलेलं. त्यांच्या यजमानांनी हौसेनं गॅरेज बांधलं, पण गाडी काही आली नाही; भाकरी आली. अक्का त्या गॅरेजमध्ये चूल मांडून ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायच्या, पापडासारख्या पातळ, टोपलीत उभ्या रचलेल्या. त्यांची सासू, जिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, बाजूला बसून पीठ चाळायची. शटर फार ओरडतंय, अव्वांचं डोकं उठतं, अशी त्यांची तक्रार होती. आप्पा नेहमीसारखा दुसऱ्याचा पत्ता सांगायला लागले. मी दारात उभी होते. का ते ठाऊक नाही, पण मी म्हणाले, "मी बघून येऊ का?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई म्हणाली, "बघायला काय जातंय?"

मी गेले, शटर वर-खाली करून ऐकलं, चॅनेलात बोट घालून बघितलं आणि घरी येऊन सांगितलं की खांद्याच्या उंचीवर उजवीकडे एकाच जागी घासतंय. आप्पा पाटावरून उठले. "घासतंय का अडतंय?" घासतंय. "तितं चकाकतंय का?" हे मी बघितलं नव्हतं. त्यांनी मला परत पाठवलं, चार किलोमीटर, सायकलवर. तिथलं लोखंड खरंच रुपयासारखं चकाकत होतं. मग हातोडी कशी धरायची, चॅनेलच्या ओठाला मागून लाकूड कसं लावायचं आणि किती हळू ठोकायचं, हे त्यांनी मला अंगणातल्या जुन्या चॅनेलवर दाखवलं, स्वतःच्या डाव्या हातानं. दुसऱ्या दिवशी अक्कांचं शटर गप्प झालं. अक्कांनी मला टोपलीभर भाकऱ्या दिल्या आणि त्या दिवसापासून मला 'तंगी' म्हणायला लागल्या. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण.

असं आमचं सुरू झालं. मी जायची, बघायची, येऊन सांगायची. आप्पा लिंबाखाली बसून विचारायचे. मी कुलपं बदलली, हँडलं बसवली, गंजलेली तळपट्टी कापून नवी लावली. गल्लीत बोललं जायचंच. पाण्याच्या रांगेत एकीनं आईला ऐकवलं, "तुजी पोरगी शिडीवर चढती म्हनं, परक्याच्या दारात." आई म्हणाली, "मग काय पडून काम करंल?" माझ्या आईला भांडण येत नव्हतं असं नाही, पण तिला ते लांबवायला वेळ नसायचा.

आप्पांनी एकच अट घातली होती. बॉक्सला हात लावायचा नाही. स्प्रिंगचं काम निघालं की नको म्हणून यायचं. मी अंगणात मात्र त्यांच्याकडून ते सगळं वदवून घेतलं होतं. ताण कसा चढवतात, कसा उतरवतात, पाना कुठे धरतात, आपलं अंग पान्याच्या वाटेत का ठेवायचं नाही. सांगताना ते स्वतः पान्याला शिवत नसत.

उन्हाळा ऐन भरात होता. दुपारी गल्ली ओस पडलेली, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अक्कांच्या शेजारी एक निवृत्त फौजदार राहायचे, ते स्कूटरवरून आमच्या दारात आले. डोक्याला ओला टॉवेल बांधलेला. ते सांगायला लागले, वावटळ आली, पिठात धूळ जाऊ नये म्हणून अक्कांनी आतून शटर ओढलं, तोच वर बंदुकीसारखा आवाज झाला आणि शटर धाडकन खाली आलं. अक्का आणि अव्वा, दोघी आत आहेत. अर्धा तास झाला, माणसं ओढतायत, शटर हलत नाही. चूल पेटलेली होती, तिच्यावर अक्कांनी पाणी ओतलं, आता आत नुसता धूर. गॅरेजला दुसरं दार नव्हतं, छताजवळ एक वीतभर झरोका होता. "आणि म्हातारीला दमा आहे," फौजदार म्हणाले.

मी आप्पांकडे बघितलं. ते आधीच चप्पल घालत होते. कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी त्यांनी डाव्या हातानं उचलली. आम्ही तिघं एका स्कूटरवर बसलो, पिशवी माझ्या मांडीवर, आणि आतला पाना प्रत्येक खड्ड्याला माझ्या गुडघ्यावर आपटत होता.

अक्कांच्या दारात गल्ली जमली होती. शटरची डावी बाजू जमिनीला टेकलेली, उजवी वीतभर वर, असं ते तिरकं अडकलेलं. चार-पाच जण पहार घालून उजवी बाजू उचलत होते, "हं, लाव जोर!" करत. प्रत्येक जोराबरोबर उजवीकडे खांद्याच्या उंचीवर लोखंड किंचाळायचं आणि पट्ट्या जरा आणखी चुरगळायच्या. त्या वीतभर फटीतून धूर येत होता. फटीशी अव्वा जमिनीला गाल लावून पडल्या होत्या. त्यांची पांढरी बट आणि नाक तेवढं दिसत होतं. श्वास असा वाजत होता जसं कुणी फुटकी शिट्टी वाजवतंय.

आप्पा गर्दीच्या मागे थांबले. मला वाटलं ते पुढं होऊन काहीतरी सांगतील. ते मला म्हणाले, "बघ. काय झालंय सांग."

मी बघितलं. मला आठवतं ते शटर. "डावी स्प्रिंग तुटलीय," मी म्हणाले. "उजवीला अजून पूर्ण ताण हाय, ती एकटी वर ओढतीय. त्यानं समदं तिरकं झालंय आन उजव्या चॅनेलातनं पट्टी बाहेर आलीय. वर उचललं की ती पट्टी पाचरीगत आणखी घट्ट बसतीय."

"मग?"

"उजवीचा ताण सोडायला पायजे. शटर पूर्ण खाली बसू द्यायचं. सरळ झालं की पट्टी आत घालायची आन मग दोन्हीकडनं उचलायचं."

"आधी खाली, मग वर," आप्पा म्हणाले. "बराबर हाय."

फौजदारांनी एकदाच आवाज टाकला आणि पहारी थांबल्या. त्या माणसाच्या आवाजाचं मला आजही कौतुक आहे. एवढ्या गर्दीला गप्प करणं माझ्यानं झालं नसतं. मी काय करणार ते मोठ्यानं सांगितलं. एक जण म्हणाला, "अरे, म्हातारी त्या फटीवर जगतीय! आहे तेवढा वारापण बंद करतीय का ही पोरगी?" त्याचं चुकत नव्हतं. शटर सरळ होण्यासाठी ती फट मिटायलाच हवी होती. डावी बाजू वर घ्यावी तर पट्ट्या एकमेकींवर दुमडत होत्या, ते त्यांनी करून बघितलंच होतं. फौजदारांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "ती म्हणती तसंच हाय."

मी फटीशी ओणवी झाले. "अक्का, ऐकताय का?"

"तंगी, तू हाईस का?" धुरातून अक्कांचा आवाज आला, घोगरा.

"हाय. अक्का, ही फट थोडा वेळ मिटणार. त्याबिगर शटर उघडत न्हाय. तुमी दोघींनी ओलं फडकं तोंडाला लावा आन शटरपासनं मागं सरा."

आतून एक हुंदका ऐकू आला. अक्का रडत असाव्यात. मग अव्वा बोलल्या, एकेक शब्द ओढून काढत, "श्वास माजा मी बघते की. तू तुजं लोखंड बघ."

शेजारच्या बंगल्याला रंग चालू होता, त्यांच्या दोन शिड्या आणल्या. बॉक्स बाहेरच्या अंगाला होता हे आमचं नशीब. मी एका शिडीवर चढले, पत्रा उघडला. डावी स्प्रिंग खरंच दोन तुकडे होऊन लोंबत होती. उजवी आवळलेल्या मुठीसारखी. शाफ्टला पाना लावला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोल्ट सोडायला एक माणूस पाहिजे आणि पाना धरायला दुसरा, आणि तो दुसरा असा पाहिजे की ताण हातात आल्यावर ज्याला आश्चर्य वाटणार नाही. मी खाली बघितलं. दुसऱ्या शिडीच्या पहिल्या पायरीवर आप्पांचा पाय होता.

ते वर आले. चेहरा पिठासारखा पांढरा. मनगटात जोर नव्हता म्हणून त्यांनी वाकड्या हाताचं कोपर पान्याच्या दांड्यावरून घातलं, डावा हात त्यावर आवळला आणि छाती दांड्यावर टेकवली. त्यांचे हात इतके थरथरत होते की पाना शाफ्टवर बारीक वाजत होता.

"भ्या वाटतंय का, आप्पा?" मी हळूच विचारलं.

"लई," ते म्हणाले. "तू बोल्ट सोड. मी धरतो."

मी बोल्ट ढिला केला. ताण एकदम त्यांच्या अंगावर आला. शिडी कचकली, त्यांच्या तोंडून हुंकार निघाला, पण पाना निसटला नाही. त्यांनी शाफ्ट थोडा फिरू दिला, मी बोल्ट आवळला, त्यांनी पाना पुन्हा मागून लावला, मी बोल्ट पुन्हा सोडला. शाफ्ट म्हशीसारखा हंबरत होता. प्रत्येक फेरीला उजवी बाजू थोडी खाली यायची. खालून कुणीतरी सांगत होतं, चार बोटं राहिली, दोन बोटं राहिली. मग शटर जमिनीला टेकलं, सरळ, सगळीकडून सारखं, आणि अव्वांचा श्वास ऐकू यायचा बंद झाला.

मी शिडीवरून उतरले का उडी मारली आठवत नाही. उजव्या चॅनेलचा ओठ पहारीनं जरा फाकवला, पट्टीचं टोक हातोडीनं आत ठोकलं, खालची पट्टी, तिच्या खालची पट्टी. त्याच जागी, जी मी वर्षाआधी लाकूड लावून ठोकली होती. पण तेव्हा हळू ठोकायचं होतं आणि आता मी जीव खाऊन ठोकत होते. "दोन्हीकडं सारखी माणसं," मी ओरडले. "ताण गेलाय, लई जड लागंल. माझ्या हातोडीकडं न्हाय, फौजदारांच्या तोंडाकडं बघा!" फौजदारांनी हुकूम दिला. सगळ्यांनी एकदम उचललं. शटर घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, रंगाऱ्यांनी खाली डबे सरकवले, पुन्हा उचललं, आणि कमरेपर्यंत येताच धुराचा लोट बाहेर पडला. फौजदार वाकून आत गेले आणि अव्वांना लहान मुलासारखं उचलून बाहेर घेऊन आले. मागून अक्का, डोळे लाल, हातात अजून उलथनं.

अव्वांना भिंतीच्या सावलीत बसवलं. कुणी वारा घातला, कुणी पाणी आणलं. बराच वेळ त्या नुसत्या छाती वर-खाली करत होत्या. शेवटी डोळे उघडून त्यांनी सुनेकडे बघितलं आणि विचारलं, "पीठ झाकलं का?" तेव्हा गल्लीत जे हसू फुटलं, त्यात रडणारेही बरेच होते.

मी हसतच वर बघितलं. आप्पा शिडीवरच होते. कोपर पान्याच्या दांड्यावर, छाती टेकवलेली, डोळे मिटलेले. खालचं काही त्यांना कळलं नव्हतं. मी शिडी चढून त्यांच्या शेजारी गेले.

"आप्पा, सोडा. ताण गेलाय."

त्यांनी डोळे उघडले. "गेला?"

"केव्हाच गेला."

तरी त्यांचा हात लगेच सुटला नाही. मी एकेक बोट धरून सोडवला.

आज माझ्या कारखान्यात मोटारीवर चालणारी शटरं बनतात. बटण दाबलं की गॅरेज उघडतं, गाडीतून उतरायचं कामच नाही. परवाच एका नव्या बंगल्यातून फोन आला, शटर खाली येतं आणि आपोआप परत वर जातं, भूतबाधा झाल्यासारखं. मी गेले. मध्ये काही आलं की शटर थांबावं म्हणून जो बारीक डोळा बसवलेला असतो, त्याच्यासमोर कोळ्यानं जाळं विणलं होतं. फुंकर मारली, दुरुस्त झालं. घरचे हसले, मीही हसले. पण मोटार असो नाहीतर स्प्रिंग, मी आधी तेच करते. मोटार असली तर तिच्यापासून शटर सोडवून कमरेला आणते आणि हात काढते. गुडघे आता शिडीला कुरकुरतात. हाताखालची माणसं म्हणतात, मॅडम, तुम्ही खालून सांगा. मी खालून सांगतेही. पण कधी कुणी नवीन माणूस वर गेल्यावर थरथरायला लागला, तर त्याला मी हसत नाही आणि हसूही देत नाही. भीती वाटत असताना शिडी चढलेला माणूस मी बघितलेला आहे आणि मी त्याची मुलगी आहे. हे मी जिथं जाईन तिथं सांगते. लग्नात सासरी सांगितलं, नातवंडांना सांगितलं, आता इथं लिहून ठेवते.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी अक्कांच्या शटरला नव्या स्प्रिंगा घातल्या. ताण मी चढवला. आप्पा पाना धरायला होते, कोपर तसंच दांड्यावरून घातलेलं. शटर कमरेला आणून मी हात काढला आणि ते तिथं थांबलं. आप्पांनी खिशातून आईनं वळलेली विडी काढली आणि शांतपणे पेटवली.

ही गोष्ट दोन पेठा ओलांडून आमच्या गल्लीत आमच्या आधी पोचली होती. त्यानंतर काही दिवसांनी एक गृहस्थ सकाळी आमच्याकडे आले, पायजमा-सदरा, हातात छत्री. मी आत चुलीशी जेवायला बसले होते. माग सुरू व्हायचे होते, म्हणून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी लिंबाखाली बसलेल्या आप्पांना विचारलं, "शटरचे मिस्त्री हितंच राहत्यात का?"

"हितंच," आप्पा म्हणाले.

"हाईत का घरात?"

"हाय की. जेवतीय. बसा."

ते गृहस्थ जरा घोटाळले. "तुमी न्हाय का मिस्त्री?"

"मी धरायला जातो," आप्पा म्हणाले. पाट सरकवल्याचा आवाज आला. "बसा निवांत. तिचं जेवण झाल्याबिगर ती उठत न्हाय."

मी घाईघाईनं शेवटचा घास तोंडात कोंबून उठायला लागले होते. आईनं हात धरून मला खाली बसवलं आणि ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.